पारल्याचे घर आणि कुंपणाबाहेरचा संसार

मुंबईच्या उपनगरांत विलेपारल्याच्या पूर्व भागाची ख्याती मोठी. परंतु ज्या घरांनी ती मिळविली ती घरे फार मोठी नव्हती. पुढे ओटी, मागे विहीर, कुंपणाशी प्राजक्त व दोन-चार नारळ, आणि आत तीन पिढ्या, असा त्या बैठ्या किंवा एकमजली बंगल्यांचा साधारण घाट असे. चाळीतील दोन खोल्यांतून आलेल्या कुटुंबास एवढी जागा म्हणजे वैभवच. १९२८ साली कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली आणि कोटातील कचेरीत नोकरी करून पारल्यास बिऱ्हाड ठेवणे मध्यम स्थितीच्या गृहस्थास अधिकच सुकर झाले.

तथापि या घरांचे सुख कुंपणाच्या आत थोडे व बाहेर अधिक होते. एकत्र कुटुंबात प्रत्येक वयाची गरज निराळी: मुलांस शाळा हवी, वृद्धांस देऊळ व कथाकीर्तन, गृहिणीस भाजीबाजार, कर्त्या पुरुषास स्टेशन, आणि पुस्तके तर सर्वांसच. पारल्यात हे सारे पायी जाण्याच्या अंतरावर मिळे. म्हणून घरातील कोणाचेही कोणावाचून अडत नसे.

या सोयी आपोआप उगवल्या नाहीत. १९२० साली लोकमान्य टिळकांचे निधन झाले. त्यांचे स्मारक पुतळ्याने नव्हे तर कार्याने करावे, अशा रीतीने पारलेकर वागले. १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय निघाले आणि १९२३ साली लोकमान्य सेवा संघ. पु. ल. देशपांडे याच विद्यालयाचे विद्यार्थी. पुढे विद्यालयाच्या संस्थेने महाविद्यालयेही काढली. संघाने ग्रंथालय व सभागृह यांच्या योगे वस्तीस एक दिवाणखानाच दिला. अशा संस्थांस देणग्या लागतात हे खरे. परंतु त्याहून अधिक लागते ते कामावरून परतलेल्या माणसाच्या संध्याकाळचे दोन तास. ते देणारी माणसे घरोघरी होती.

कालांतराने बरेच पालटले. १९२९ साली निघालेला बिस्किटांचा कारखाना २०१६ साली बंद झाला आणि वाऱ्यावर येणारा त्याचा गोड वासही गेला. बंगल्यांच्या जागी उंच इमारती आल्या. याबद्दल नुसते हळहळणे योग्य नव्हे. तीन भावांचे संसार एका स्वयंपाकघरात मावत नाहीत, आणि गुडघे दुखणाऱ्या आजीस जिन्यापेक्षा लिफ्ट बरी.

पण एक भेद ध्यानी घ्यावा. नव्या इमारतीच्या जाहिरातीत व्यायामशाळा, तरणतलाव, बाग यांची लांबलचक यादी असते. त्या सोयी फाटकाच्या आत, केवळ तेथील रहिवाशांसाठी, व मासिक वर्गणीने विकत मिळणाऱ्या असतात. शाळा व ग्रंथालय फाटकाबाहेर असतात, परक्यासही खुली असतात, आणि कोणीतरी आपला वेळ दिल्यावाचून चालत नाहीत. पहिल्या सोयींत गुंतून दुसऱ्यांचा विसर पडला, तर घर मोठे होईल आणि वस्ती लहान.

घर घेताना चौरस फूट अवश्य मोजावे. मूल शाळेस पायी जाईल काय, आजी एकटी देवळात पोहोचेल काय, हेही पाहावे. आणि या घरातून आठवड्याची एक संध्याकाळ सार्वजनिक कामास निघेल काय, हेही विचारावे. पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर दलाल देईल; तिसऱ्याचे घरच्या मंडळींनीच एकत्र बसून ठरवावयाचे आहे.