गादीवांचून वारस

राज्य गेल्यावर गादीच्या वारसांचा क्रम ठरवीत बसणें पुष्कळांस हास्यास्पद वाटतें. रुमानियाच्या राजघराण्याची हकीकत वाचणारास तसें वाटूं नये.

तेथील पहिला राजा कॅरोल याची एकुलती कन्या १८७४ मध्यें बालपणींच वारली. राज्यघटनेप्रमाणें स्त्रियांना गादी वर्ज्यच होती. म्हणून १९१४ मध्यें पुतण्या फर्डिनंड राजा झाला. त्याचा पुत्र दुसरा कॅरोल यानें १९२५ मध्यें वारसाहक्क सोडला. तेव्हां १९२७ सालीं फर्डिनंड निवर्तल्यावर अवघ्या पांच वर्षांचा नातू मायकेल राजा झाला. १९३० मध्यें बाप परतला व मुलास बाजूस सारून स्वतः गादीवर बसला! १९४० मध्यें त्याला ती सोडावी लागून मायकेल पुन्हा राजा झाला. ३० डिसेंबर १९४७ रोजीं साम्यवादी सत्ताधाऱ्यांनीं त्यास राजपद सोडावयास लाविलें.

मायकेलला पांच कन्याच. बरोबर साठ वर्षांनीं, ३० डिसेंबर २००७ रोजीं, त्यानें घराण्याचे नवे नियम करून ज्येष्ठ कन्या मार्गारेता हिला वारस नेमिलें. २०१५ मध्यें एका नातवाचें नांव त्यानें या क्रमांतून काढलें. २०१७ मध्यें मायकेल निवर्तल्यावर मार्गारेता कुटुंबप्रमुख झाली. देश प्रजासत्ताक आहे. कायद्याच्या दृष्टीनें या क्रमास किंमत नाहीं.

गादीला मोल होतें तोंवर कन्या अपात्र. केवळ कुलाचें नांव व कर्तव्य उरलें, तेव्हां ती पात्र ठरली! आमच्या स्मृतिकारांनीं अपुत्र पित्यासाठीं ‘पुत्रिका’ सांगितली खरी. परंतु वारस व्हावयाचा तो तिचा पुत्र, ती केवळ दुवा. मायकेलनें कन्येलाच वारस केलें, हें मला अधिक सरळ वाटतें.

मलाहि दोन कन्याच. देवघरांतील पंचायतनाचें व वडिलांच्या हातच्या पोथ्यांचें पुढें काय, असें आप्त विचारतात. जांवयांचें गोत्र निराळें, याची आठवणहि देतात. घराची वांटणी कायदा करील. परंतु पूजा कोणीं करावी, पोथ्यांना वाळवी लागूं नये म्हणून कोणीं जपावें, हें कायदा सांगत नाहीं. थोरलीनें देव नेण्याचें कबूल केलें आहे, धाकटी पोथ्या सांभाळणार आहे. मीं दोघींस तसें लिहून दिलें आहे. गोत्राचा प्रश्न देवांनीं अद्याप काढलेला नाहीं.