पहिल्यातून दुसऱ्यात

आपल्याकडच्या स्वस्त ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये बऱ्याचदा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नसतोच. आत असतो तो साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, तोच कोरडा क्लच, त्याच गिअरच्या चकत्या. फक्त क्लच दाबणारा पाय आणि गिअर टाकणारा हात यांच्या जागी एक यंत्र बसवलेलं असतं. या प्रकाराला एएमटी म्हणतात. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर तो आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत आला आणि क्लच नसलेली गाडी मध्यमवर्गाच्या हिशेबात बसायला लागली. सेकंडहॅंड बाजारात तर आता अशा गाड्या भरपूर दिसतात. त्यातलीच एक, सहा वर्षं जुनी आणि एकसष्ट हजार किलोमीटर झालेली, मी आबांसाठी घेतली.

आबांनी अठ्ठावीस वर्षं टेम्पो चालवला. नारायणगावचा टोमॅटो भरायचा, ओतूरवरून माळशेज उतरायचा आणि उजाडायच्या आत वाशीचं मार्केट गाठायचं. त्या अठ्ठावीस वर्षांत डाव्या पायानं किती वेळा क्लच दाबला असेल, याचा हिशेब मी एकदा मांडायला बसलो होतो. मग सोडून दिला. डावा गुडघा पार गेला. टेम्पो विकला आणि आबा घरात बसले. आमच्या घरात ‘बसले’ हा शब्द माणूस आजारी असल्यासारखा वापरतात. शेतावर जायचं तर पुतण्याला फोन, दवाखान्यात जायचं तर रिक्षा. गाडी दारात आली त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चपलांऐवजी पायात बूट होते.

गाडी नारायणगावातून बाहेर काढून त्यांनी मोकळ्या रस्त्याला लावली. पहिला गिअर ठीक. दुसरा पडायच्या वेळी गाडीनं श्वास रोखल्यासारखं केलं, सगळ्यांच्या माना पुढं गेल्या आणि मग खालून धप्पकन आवाज येऊन गाडी पुढं उसळली. मागच्या सीटवर आईच्या हातातला डबा निसटला. आबांनी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, “ही अजून शिकाऊ लायसनवर आहे रे.” आम्ही हसलो. परत आल्यावर मात्र त्यांनी चावी खिळ्याला अडकवली आणि पुढचे तीन आठवडे तिला हात लावला नाही. आईनं विचारलं तर म्हणाले, “माझं वय झालं, आता नको.” गाडीचा दोष ते स्वतःच्या वयावर घेत होते, ते मला सहन होईना.

ज्या दुकानातून गाडी घेतली तिथला माणूस म्हणाला, “एएमटी आहे साहेब, एवढं होणारच.” एका सर्व्हिस सेंटरनं सांगितलं की क्लचपासून ॲक्च्युएटरपर्यंत सगळं बदलावं लागेल, आकडा ऐकून मी चहासुद्धा न घेता उठलो. एकाच्या मते सगळा गचका हा गाडीचा स्वभाव, दुसऱ्याच्या मते सगळा आजार. खरा प्रश्न होता की यातलं स्वभाव किती आणि आजार किती.

आधी स्वभावाचं बघू. छोट्या गाडीत पहिल्या गिअरचं प्रमाण साधारण साडेतीनास एक असतं, दुसऱ्याचं दोनाच्या जरा खाली. म्हणजे इंजिन अडीच हजार आरपीएमवर असताना दुसरा पडला, तर त्याला साडेतेराशेच्या आसपास उतरावं लागतं. वरच्या गिअरांत ही उडी लहान होत जाते, म्हणून चौथ्यातून पाचवा पडलेला कळतही नाही. त्या उडीच्या वेळी एएमटी इंजिनाचा जोर कमी करते, क्लच सोडवते, गिअर बदलते आणि क्लच परत लावते. तेवढा वेळ चाकांना काहीच ताकद मिळत नाही. आपला पाय ॲक्सिलेटरवर तसाच असतो, म्हणून शरीराला ती पोकळी जाणवते. १९३९ मध्ये जनरल मोटर्सनं ओल्डस्मोबिल गाड्यांसाठी हायड्रामॅटिक आणला, तेव्हापासून खऱ्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरच्या मध्ये तेल असतं आणि बराचसा धक्का ते तेल गिळतं. एएमटीत मध्ये तेल नाही. क्लचची प्लेट घासत घासत पकडते, तेवढीच काय ती गादी. माना जरा हलणार, हे मान्य.

पण धप्प आवाज स्वभावात बसत नव्हता. मी दोन शनिवार-रविवार गाडी घेऊन फिरलो आणि नोंदी ठेवल्या. (ऑफिसात कोणी बग नुसता ‘कधीकधी येतो’ म्हणून पाठवला तर मी तो परत पाठवतो; स्वतःच्या गाडीला वेगळा नियम कशाला?) सपाट जागेवर ब्रेक सोडला की ही गाडी आपोआप हळूहळू सरकायला हवी. ती आधी थांबून राहायची, मग थरथरत निघायची. सकाळी थंड असताना कमी, चाकणच्या ट्रॅफिकमधून आल्यावर जास्त. रिव्हर्समध्येही तेच. म्हणजे पकडताना क्लच चुकत होता. धप्प आवाज मात्र थंड-गरम काही बघत नव्हता. ॲक्सिलेटर एकदम सोडला तरी यायचा, गिअर बदलत नसतानाही. म्हणजे तो वेगळाच पाहुणा होता.

चाकणजवळ एका फिटरकडे गेलो, आबांना बळंच सोबत घेऊन. फिटरनं बॉनेट उघडून मला ब्रेक दाबून ॲक्सिलेटर किंचित द्यायला सांगितलं. इंजिन जागेवरून उचललं गेलं. इंजिनाचं एक माउंटिंग, म्हणजे ज्या रबरावर ते टेकलेलं असतं तेच, फाटलं होतं. धप्प आवाज तिथून येत होता आणि तो बंद करायला फार खर्च नव्हता.

क्लच उतरवला तेव्हा आबा खुर्ची ओढून पुढं आले. प्रेशर प्लेटवर निळसर डाग होते. त्यांनी बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाले, “आधीच्या मालकानं हिला चढावर ब्रेक न लावता नुसत्या ॲक्सिलेटरवर धरून ठेवलीय.” फिटर माझ्याकडे बघून हसला. एवढं मला कुठल्याही स्कॅनरनं सांगितलं नसतं.

स्कॅनरचं काम नंतर आलं. क्लच कुठे पकडायला लागतो, ती जागा प्लेट झिजत जाते तशी सरकते. माणसाचा पाय ते नकळत शिकतो. एएमटीत ते कंट्रोल युनिट शिकतं आणि आकडा लक्षात ठेवतं. नवी प्लेट टाकली आणि जुना आकडा तसाच राहिला, तर यंत्र नव्या क्लचला जुन्यासारखं वागवणार. म्हणून स्कॅनर लावून ते शिकलेलं पुसायचं आणि नव्यानं शिकवायचं. कोड बरोबर आणि डेटा शिळा, ही भानगड माझ्या रोजच्या ओळखीची. गाडी उभ्या उभ्या क्लच उघडत-मिटत राहिली, गिअर चाचपत राहिली. आबा म्हणाले, “आता नीट शिकव म्हणावं.”

गचका संपला नाही. साधारण चवथा हिस्सा राहिला, स्वभावाचा. तो आबांनी स्वतः मिटवला. दुसरा पडायच्या क्षणी ते ॲक्सिलेटर किंचित सैल करतात, टेम्पोत करायचे तसाच. गिअर कधी पडणार हे त्यांना आवाजावरून कळतं. मला अजून पाचांपैकी तीनदाच जमतं.

मला धास्ती होती ती डाव्या पायाची. क्लचची सवय असलेला पाय घाईत काहीतरी दाबायला जातो आणि या गाडीत तिथं रुंद ब्रेक असतो. मागचा माणूस येऊन आदळणार. म्हणून पहिले आठ दिवस आम्ही बाजाराच्या रिकाम्या मैदानात फिरलो, डावा पाय कडेच्या पट्टीवर टेकवून ठेवायचा एवढाच सराव. पाय तिथं राहिला. पण गिअर पडायच्या वेळी तो अजूनही पट्टीवर हलकेच दाब देतो, मी शेजारी बसून पाहिलंय. गुडघा त्याबद्दल तक्रार करत नाही.

मागच्या महिन्यात ते माळशेजला जाऊन आले, मावशीकडे. उतारावर गाडी ‘डी’मध्ये ठेवली तर वरचा गिअर टाकते आणि इंजिनाचा रोध जातो, म्हणून त्यांनी तिला मॅन्युअलवर घेऊन दुसऱ्यात धरलं होतं. हे मी सांगितलं नव्हतं. मला फोनवर सांगितलं तेही तक्रारीच्या सुरात, की घाटात एवढी अक्कल तिला कंपनीनं द्यायला हवी होती.

दार उघडलं की या गाडीचा छोटा पंप तेलाचा दाब भरायला घूं करून चालू होतो. पहाटे पाचला तो आवाज आला की आई स्वयंपाकघरातूनच ओरडते, “चहा घेऊन जा!” बहुतेक वेळा तोवर पहिला पडलेला असतो.