वरातीमागून जीवदान

गेल्या मे महिन्यात माझी बहीण मुलाला घेऊन अमेरिकेहून आली. भाच्याच्या बॅगेत कपडे थोडे आणि पत्ते फार. हे पत्ते म्हणजे आपले बदाम-सात नव्हेत. 'मॅजिक' नावाचा हा खेळ रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने १९९३ साली काढला. पत्त्यावर एखादा लढवय्या नाहीतर मंत्र, आणि खाली बारीक अक्षरांत त्याची करामत. खेळणाऱ्याला सुरुवातीला २० प्राण. ते संपले की तो हरला.

चार दिवसांत आमचे चिरंजीवही या नादी लागले आणि पंचाचे काम माझ्याकडे आले. मी कॉलेजात मराठी शिकवतो. वाक्याचा अर्थ लावण्यात आपण हार जाणार नाही, अशी माझी समजूत होती.

एका रात्री भाच्याचे दोनच प्राण उरले. चिरंजीवांचे दोन लढवय्ये चालून आले. एकाला भाच्याच्या 'लाइफलिंक'वाल्या वीराने अडवून तीन घाव घातले; दुसरा सुटला आणि भाच्याला तीन घाव देऊन गेला. तरी भाचा वाचला, कारण वीराने घातले तितके प्राण त्याला मिळाले. पुढच्या डावात हुबेहूब तीच पाळी चिरंजीवांवर आली. फरक एवढाच, की त्यांच्या वीरावर 'स्पिरिट लिंक' हा १९९४ सालापासूनचा जुना पत्ता होता.

"तू मेलास," भाचा म्हणाला.

चिरंजीव रडकुंडीला आले. मी दोन्ही पत्ते वाचले. घाव घाला, तितके प्राण मिळवा. "जो न्याय तुला, तोच त्याला!" मी निकाल दिला.

"बरं, मामा," एवढेच म्हणून भाचा पत्ते आवरून झोपायला गेला. तो भांडला असता तर बरे झाले असते. मामाने आपल्याच पोराकडे कौल दिला, हे त्याने न बोलताही मला ऐकू आले.

झोप येईना. उठून नियम पाहिले, तर भाच्याचेच खरे! जुन्या पत्त्यावर 'जेव्हा जेव्हा घाव घालील' असे शब्द आहेत. म्हणजे घाव आधी, प्राण नंतर. आणि मधल्या क्षणी नियम मोजदाद करतो. ज्याचे प्राण संपले तो गेला. त्याचे जीवदान वरातीमागून येते. 'लाइफलिंक' हा शब्द २००७ साली आला, तेव्हा त्याचीही हीच गत होती. २००९ साली नियम बदलला आणि दोन्ही गोष्टी एकाच क्षणी घडू लागल्या. जुना पत्ता मात्र तसाच राहिला. तो शत्रूच्या वीरावरही चिकटवता येतो. मग घाव त्याचे आणि प्राण आपले! ही गंमत नव्या शब्दात मावत नाही.

सकाळी चहाच्या वेळी मी भाच्याची माफी मागितली आणि निकाल फिरवला. चिरंजीव उसळले. "अर्थ एक, मग नियम दोन का?" मी समजावू लागलो, तर त्यांनी मराठीची वही आणून पुढ्यात टाकली. 'कवीसंमेलन' या शब्दाभोवती माझ्याच लाल पेन्सिलीचे वर्तुळ होते.

"कवी दीर्घ, मग हा का ऱ्हस्व?"

"१९६२च्या नियमांप्रमाणे," मी घसा साफ केला, "तत्सम शब्द एकटा असला की शेवट दीर्घ, समासात आधी आला की मूळचा ऱ्हस्व. म्हणजे कवी घरी एकटा असेल तर दीर्घ, संमेलनाला गेला की..."

मला पुढे बोलवेना. भाचा इतका वेळ चहात खारी बुडवत होता.

"म्हणजे मामा, संमेलनात जुना पत्ता चालतो," तो म्हणाला, आणि चिरंजीवांसाठी पत्ते पिसू लागला.