कूस बदलायची वेळ

५ मे २०२५
बारावीचा निकाल लागला. कला शाखा, पास, इंग्रजीत पन्नाशी ओलांडली. बाबा मिनिडोर रिक्षा घेऊन जेट्टीवर होते, दिघीची फेरीबोट लागायची वेळ. फोनवर म्हणाले, "मुरूडच्या कॉलेजात नाव घाल, बीए हो." मी काहीच बोलले नाही. नर्सिंगच्या जीएनएमला कोणतीही शाखा चालते, इंग्रजीत ४० टक्के लागतात, तीन वर्षांचा कोर्स. हे मी कधीच विचारून ठेवलंय.

८ मे
आजीची पाठ पुसताना आज नीट पाहिली. माकडहाडाजवळची जखम भरलीय, कातडी अजून पातळ आहे. अंगावरून वारं गेल्यापासून ती एकाच कुशीवर पडून असायची. हाड आणि गादीच्या मध्ये मांस दबतं, तिथे रक्त पोचत नाही, आणि माणूस आतून सडायला लागतो. आई लाल जागेवर खोबरेल चोळायची. आरोग्य केंद्राच्या सिस्टर आल्या, त्यांनी आधी ते थांबवलं. मग माझं बोट धरून त्या लालीवर दाबलं. दाबून सोडल्यावर जागा क्षणभर पांढरी पडली तर वेळ हातात आहे, लालच राहिली तर इजा सुरू झाली. दर दोन तासांनी कूस. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी. चादरीला सुरकुती नको. एवढ्याशा गोष्टींनी जखम भरताना मी रोज पाहत होते, आणि तेव्हापासूनच हे डोक्यात आहे.

१२ मे
परिचारिका दिन. सकाळपासून फोनवर 'सेवेच्या मूर्ती'ची चित्रं येताहेत. मला ती आवडत नाहीत. सेवा म्हटलं की बाईला काय येतं हे कुणी विचारत नाही, पगाराचंही नाही. नाइटिंगेल बाईंनी तर क्रिमियातल्या सैनिकांचे मृत्यू मोजून, आकृत्या काढून दाखवून दिलं होतं की जखमांपेक्षा रोगांनीच जास्त माणसं गेली.
रात्री जेवताना नर्सिंगचा विषय काढला. बाबा एवढंच म्हणाले, "नाइट ड्युटी असते." मी त्यांना मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या अंजली कुलथे सिस्टरांबद्दल सांगितलं. २६ नोव्हेंबर २००८ ला, मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला तेव्हा, त्या रात्रपाळीलाच होत्या. वॉर्डातल्या २० गरोदर बायकांना त्यांनी पँट्रीत हलवलं, एकीला कळा सुरू झाल्या तर भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिगृहात नेलं. पुढे हल्लेखोर कसाबला ओळखलंही त्यांनी. बाबा ऐकत होते, पण ताट बाजूला सारलं.

१८ मे
अरुणा शानभाग गेल्या त्याला आज दहा वर्षं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात नर्स होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने त्यांच्यावर हल्ला केला, गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि त्या २०१५ पर्यंत खाटेवर होत्या. बाबांना वाटते ती भीती हीच, म्हणून मला ती टाळायची नाही.
पण त्या गोष्टीचा उरलेला भाग मला जास्त धरून ठेवतो. केईएमच्या नर्सनी त्यांना जवळजवळ ४२ वर्षं सांभाळलं. शेवटी सांभाळणाऱ्यांतल्या कितीतरी जणी १९७३ मध्ये जन्मल्याही नव्हत्या. त्यांच्या दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये फेटाळला, तेव्हा त्यांच्या अंगावर एकही बेडसोअर नसल्याची नोंद झाली होती. आजीची पाठ पाहिलेल्या माणसाला त्या नोंदीचा अर्थ कळतो. बरं होणार नाही हे ठाऊक असलेल्या बाईसाठी, पाळीमागून पाळी, कुणीतरी उठून कूस बदलली. हे मला जमेल. रात्रीच्या भीतीचं उत्तर मात्र यात नाही. दिवे, पहारा, जोडीला दुसरी नर्स, हे रुग्णालयांनीच द्यायला हवं, आणि ते मागायचा हक्कही नर्सला असला पाहिजे.

२६ मे
मे संपायच्या आत पाऊस. खाडीत लाटा, प्रवासी कमी, बाबा दुपारीच घरी. स्वतःहून बोलले: "हॉस्टेलवर राहिलीस तर आजीला कोण वळवणार?" नाही म्हणाले नव्हते. मी दादाला आणि त्यांना खाटेशी उभं केलं आणि आजीच्या अंगाखाली आडवी चादर घालून ती दोघांनी कशी उचलायची, ते शिकवलं. आजी ओरडली, मग हसली.
उद्या मुरूडच्या सेतू केंद्रात डोमिसाइल दाखल्यासाठी जायचंय. दहाची कूस दादा आणि बाबा करणार. दादा चादर उचलायच्या ऐवजी खेचतो, त्याने कातडी घासते. निघण्याआधी पुन्हा दाखवायला हवं.