पेट्रोलचा गारठा

बंगळुरात डिसेंबर लागला की आमच्या क्वार्टरमध्ये रोज सकाळी एकच नाटक. खोबरेल तेलाची बाटली पांढरीफटक गोठलेली. आई ती खिडकीतल्या उन्हात ठेवते आणि म्हणते, "एवढी कुठं रे थंडी इथं? शेंगतेल बघ, कसं छान वाहतंय."

तिचं खरं आहे. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं आणि इथली पहाट १५-१६ अंशांची. खोबरेलाचे रेणू बहुतेक सरळसोट. ड्रिल स्क्वेअरवरच्या तुकडीसारखे ते खांद्याला खांदा लावून उभे राहतात, आणि जितके जवळ तितकी एकमेकांची ओढ जास्त. शेंगतेलाच्या रेणूंना मध्येच बाक असतो, त्यामुळे रांग लागत नाही.

रेणूंमधल्या या ओढीला आंतररेण्वीय बल म्हणतात, हे मी खडकवासल्याला एनडीएत शिकलो. शिकलो म्हणजे, पहाटेच्या पीटीनंतर वर्गात जेवढी झोप आवरली तेवढं. ओढ कमी, तर द्रव लवकर उडतो आणि उडताना उष्णता घेऊन जातो. पेपरात लिहिलं, मार्क मिळाले, विषय संपला.

खरा पेपर लडाखमध्ये निघाला. मी एएससीचा, रेशन आणि इंधन हीच आमची लढाई. डिझेलचे रेणू लांबलचक, त्यांची ओढ जबर. पारा खूप उतरला की डिझेलमधलं मेण वेगळं होतं आणि फिल्टर चोंदतो. सकाळी गाडी चालू करणं म्हणजे लग्नघरातली धावपळ. उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल लडाखच्या पंपावर आलं ते २०१९च्या नोव्हेंबरात.

पेट्रोलनं मात्र कधी छळलं नाही. लहान रेणू, ओढ कमी. उणे पंचवीसमध्येही ते झऱ्यासारखं वाहायचं. म्हणूनच मी त्याच्याबाबत बेफिकीर राहिलो.

एका रात्री जनरेटर बंद पडला. गडहिंग्लजकडचा एक तरुण शिपाई जेरीकॅन घेऊन बाहेर गेला. वारा होता, नरसाळं हललं आणि पेट्रोल त्याच्या लोकरी हातमोज्यावर सांडलं. त्यानं तसंच काम पुरं केलं. दहा मिनिटांनी आत आला तेव्हा उजव्या हाताची बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. पाणी असतं तर कॅनमध्येच बर्फ झालं असतं. पेट्रोल गोठलं नाही. उणे पंचवीस अंशांचा द्रव थेट कातडीला चिकटला, आणि वरून उडता उडता उरलीसुरली ऊबही घेऊन गेला.

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, पेट्रोल तर पेटतं म्हणत्यात. मग त्यानं हात गारठला कसा?"

मला उत्तर येत होतं. वर्षानुवर्षं येत होतं. पण इंधनसाठ्याबाहेरच्या फलकावर मी बिडी, ठिणगी, आग एवढंच रंगवून घेतलं होतं. थंडीबद्दल एक शब्द नव्हता. दोन बोटांची टोकं गेली. चूक माझी होती.

आता पोस्टिंग बंगळुरात. याच शहरात, रामन संशोधन संस्थेत, १९७७ साली शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांचे सहकारी सदाशिव व सुरेश यांनी दाखवलं, की चकतीसारखे रेणू भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकावर एक रचले जातात आणि द्रवस्फटिक बनतात. तोवर द्रवस्फटिक म्हणजे काडीसारखे रेणू, असाच समज होता. हे वाचलं तेव्हा आमच्या पोस्टवरच्या उपकरणांचे पडदे आठवले. थंडीत आकडे हळूहळू उमटायचे, कारण पडद्यातला द्रवस्फटिक घट्ट झालेला असायचा. आम्ही बॅटरीला शिव्या घालायचो.

उत्तरेला निघालेल्या पोरांचा वर्ग घेतो तेव्हा फळ्यावर काही लिहीत नाही. एकाच्या एका हाताच्या पाठीवर स्पिरिटचा थेंब टाकतो, दुसऱ्यावर शेंगतेलाचा. दोन्ही बाटल्या एकाच टेबलावरच्या. "कुठला गार लागतो?" पोरं हसतात, "स्पिरिट, सर!" मग विचारतो, "का?" वर्ग गप्प होतो. तेव्हा मी त्या रात्रीची गोष्ट सांगतो.

नंतर तीन गोष्टी पाठ करून घेतो. इंधन भरताना इंधन आत न मुरणारे हातमोजे. खिशात कोरडा जोड. आणि सांडलंच, तर काम तिथेच सोडायचं, आडोशाला जाऊन आधी हातमोजा काढायचा, हात कोरडा करून उबेला न्यायचा, रिपोर्ट नंतर.

तो शिपाई आता पेन्शनवर गावी असतो. दर दिवाळीला फोन करतो. बोटांचं विचारलं की म्हणतो, "थंडीत ठणकत्यात साहेब, बाकी बेस." गेल्या वर्षी त्याला सांगितलं, तुझ्या प्रश्नानंच वर्ग सुरू करतो. थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग त्या पोरांना उत्तर आधीच सांगत जावा."