घटप्रभेच्या काठाने, दोन वेळा

मृगाच्या सरी पडू लागल्या की कॅम्पातल्या गाड्या पश्चिमेला धावतात. आंबोली, चोर्ला, फार तर तिलारी. भुट्टा खायचा, धुक्यात फोटो काढायचा आणि संध्याकाळी परत. यात वावगे काही नाही. पण डोंगरात पडलेला तो पाऊस पुढे कुठे जातो, हे पाहायला मात्र फारसे कोणी जात नाही. आंबोलीत उगम पावणारी हिरण्यकेशी संकेश्वरावरून वाहत पुढे घटप्रभेला मिळते. घटप्रभा स्वतः चंदगड तालुक्यातून खाली उतरते आणि आपल्या जिल्ह्यात हिडकल, धुपदाळ, गोकाक अशी गावे धरून पूर्वेला बागलकोटकडे जाते. या नदीच्या काठाने एक दिवस काढावा असे आमच्या घरी बरेच दिवस चालले होते. शेवटी एक दिवस नव्हे, दोन दिवस काढले: एक मे महिन्यात आणि एक ऑगस्टमध्ये. या नदीला असेच भेटावे लागते. का, ते पुढे येईलच.

मे महिन्यातली फेरी सासूबाईंच्या आग्रहाखातर झाली. त्यांचे माहेर हिडकल धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांपैकी. त्या घरात कन्नड बोलतात, मी मराठी, मुले दोन्हीकडून ओढलेली. आजीला 'अज्जी' म्हणतात आणि तिच्याशी भांडतात मात्र मराठीत!

काकती सोडून वंटमुरीचा घाट लागला की मुलांना एक गोष्ट सांगावी. हिडकलच्या धरणाचे अधिकृत नाव राजा लखमगौडा जलाशय. हे लखमगौडा सरदेसाई याच वंटमुरीचे. बेळगावचे आर. एल. लॉ कॉलेज आणि आर. एल. एस. कॉलेज त्यांच्याच नावाचे. रोज कॉलेजच्या दारावरून जाणाऱ्या माझ्या मुलाला 'आर. एल.' म्हणजे काय ते त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

यमकनमर्डीच्या पुढे आम्ही आधी सरळ संकेश्वर गाठले. शंकरलिंगाचे दर्शन घेतले आणि बाजारात शिरलो. वर्षाचे तिखट करायचे दिवस होते. संकेश्वरी मिरची नुसती लाल नव्हे, चांगली झणझणीत असते. रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी, हे आमच्या घरचे प्रमाण. त्यावरून सासू-सुनेत कधी वाद झाला नाही, एवढे तरी एकमत आहे. जवळच वल्लभगड आहे. उन्हामुळे आम्ही तो खालूनच पाहिला.

दुपार उतरल्यावर हिडकलच्या मागच्या पाण्याकडे गेलो. धरण १९७७ मध्ये पूर्ण झाले. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेले की हुन्नूरचे विठ्ठलाचे बुडालेले देऊळ वर येते. २०२३ च्या जूनमध्ये पाऊस लांबला तेव्हा ते पाहायला माणसांची रीघ लागली होती. आम्ही गेलो तेव्हा चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. दगडी भिंती गाळाच्या रंगाच्या झाल्या होत्या, पण उभ्या होत्या. मुलांना ती गंमत वाटली. सासूबाई देवळापाशी फार थांबल्या नाहीत. त्या पलीकडच्या पाण्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "नम्मूर इल्ले इत्तु." आमचे गाव इथेच होते. मग त्यांनी बोटानेच विहीर दाखवली, चिंच दाखवली, शाळा दाखवली. समोर सगळे सपाट पाणी! धाकटीने विचारले, "अज्जी, तुला कसं कळतं कुठे काय होतं?" त्यांनी उत्तर दिले नाही, डोंगराची एक सोंड दाखवली. तिच्या खुणेवरून त्या सगळे मोजत होत्या.

या पाण्यावर आज केवढे शेत भिजते, हे सासूबाईंनाही ठाऊक आहे. कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्या पाहून त्या स्वतःच म्हणतात, "आमच्या पाण्याचा ऊस." त्यात तक्रार किती आणि अभिमान किती, हे मला अजून उलगडलेले नाही.

ऑगस्टमधल्या फेरीत नदी अगदी वेगळी भेटली. हिडकलचे दरवाजे उघडले आणि हिरण्यकेशी चढली की गोकाकचा धबधबा खरा धबधबा होतो. उन्हाळ्यात तिथे काळ्या खडकावर ओघळ दिसतो. म्हणजे देऊळ दिसते तेव्हा धबधबा नसतो आणि धबधबा भरतो तेव्हा देऊळ पाण्यात असते. एकाच फेरीत दोन्ही पाहण्याचा हट्ट धरू नये.

गोकाक फॉल्स हे गाव बेळगावहून ६०-६५ किलोमीटर. नदी येथे घोड्याच्या नालेसारख्या कड्यावरून सुमारे १७० फूट खाली कोसळते. पाणी गढूळ, चहाच्या रंगाचे. दुधासारखा पांढरा धबधबा पाहायचा असेल त्यांनी दुसरीकडे जावे. इथला जोर मात्र पायाखालच्या दगडात जाणवतो. काठावर चालुक्यकालीन महालिंगेश्वराचे देऊळ आहे. समोर सुमारे २०० मीटर लांबीचा झुलता पूल आहे, पण त्यावर जाऊ देतात की नाही हे आधी विचारून घ्यावे. येथील गिरणीची कंपनी १८८५ मधली, आणि तिच्या नावातच 'वॉटर पॉवर' हे शब्द होते. कोळशावर नव्हे, या पाण्याच्या जोरावर सूत काढायचे, हा त्यामागचा विचार. कठड्याच्या पुढे जाऊन फोटो काढणाऱ्या तरुणांना मात्र कोणीतरी दटावायला हवे. शेवाळलेला दगड कोणाची ओळख ठेवत नाही.

जाता जाता एक खुलासा. गोकाक म्हटले की आपल्या भागातल्या थोरांना १९८२ ची 'गोकाक चळवळ' आठवते. तिचा या गावाशी संबंध नाही. ते नाव भाषेविषयीच्या समितीचे अध्यक्ष, कन्नड साहित्यिक वि. कृ. गोकाक यांचे. आमच्या घरी यावरून एकदा जेवण थंड झाले होते.

गावातले करदंट घेतल्याशिवाय कोणी परतत नाही. डिंक, गूळ, सुकामेवा. कन्नडमध्ये 'अंटु' म्हणजे डिंक, आणि तळलेला डिंक म्हणून करदंट. आपल्या डिंकाच्या लाडवाचा हा वडीचा भाऊ. दुकानदाराने सासूबाईंशी कन्नडमध्ये आणि माझ्याशी मराठीत भाव केला. भाव दोघींना एकच सांगितला!

पण पाऊस जास्त असेल तर गोकाकला जाऊच नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये लोळसूरचा पूल पाण्याखाली गेला आणि शहरातल्या घराघरांत पाणी शिरले. त्यानंतरही हे घडले आहे. आपण ज्या पाण्याचा देखावा पाहायला जातो, तेच पाणी तिथल्या माणसांना अंथरूण उचलायला लावते. निघण्याआधी तिथल्या ओळखीच्या माणसाला एक फोन करावा.

परतताना गोडचिनमलकीला उतरावे. गावातून रानात थोडे चालावे लागते. येथे मार्कंडेय नदी दोन टप्प्यांत कोसळते. ही कुठली परकी नदी नव्हे, कंग्राळी-काकतीची आपलीच मार्कंडेय. पुढे ती गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. पक्ष्यांची आवड असेल तर हिवाळ्यात धुपदाळच्या बंधाऱ्यावर जावे. दूरदेशीचे कांड्या करकोचे तेव्हा येतात. आमची ती फेरी अजून राहिली आहे.

जेवण घरूनच न्यावे. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. आम्ही गोडचिनमलकीच्या वाटेवर एका झाडाखाली डबा उघडला आणि अंकलगीच्या रस्त्याने अंधार पडायच्या आत घरी आलो. सासूबाईंनी येताना पिशवीत हिडकलच्या काठचा एक गोटा आणला होता, मे महिन्यातला. तो आता तुळशीपाशी आहे. मुले त्याला 'अज्जीचं गाव' म्हणतात.