क्लॅम्प सुटल्यावर

14 ऑक्टोबर 2024, सोमवार
सिल्लोडकडचे एक आजोबा उद्या बायपासला. मुलाने जिन्यातच गाठलं. "डॉक्टरसाहेब, नानांच्या काळजाला भूल झेपंल ना?" प्रश्न रोजचाच, आणि भीती अगदीच खोटी नाही, भुलीने रक्तदाब उतरतो. पण सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन हे भुलीचे वायू रक्त तुटलेल्या हृदयाला उलट सांभाळतात, असंही गेली पंचवीस-तीस वर्षं मांडलं जातंय. हे काही त्याला सांगितलं नाही. "झेपावी म्हणूनच तर मी तिथे असतो," एवढंच म्हणालो.

15 ऑक्टोबर, रात्री
महाधमनीवरचा क्लॅम्प सुटला, रक्त परतलं. हृदय आधी नुसतं थरथरलं, मग एक ठोका, लांबलचक थांबा, मग लय. खरी गोम इथेच. रक्त तुटल्याने पेशी मरतात, तशा रक्त परतल्यानेही मरतात. कॅल्शियम आत लोटतं, मायटोकॉन्ड्रिया फुगून फुटतात. 1986 मध्ये मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांवर दाखवलं की, 40 मिनिटं रक्त तोडण्याआधी पाच-पाच मिनिटांचे चार अडथळे दिले, तर हृदयाचा मरणारा भाग सुमारे पाव होतो. वायू हीच तालीम रक्त न तोडता करून घेतात. त्यासाठी मायटोकॉन्ड्रियातल्या पोटॅशियमच्या वाटा उघडाव्या लागतात. मधुमेहाची ग्लिबेनक्लामाइड गोळी नेमक्या त्याच वाटा बुजवते. प्रयोगांत मग हे संरक्षण उरत नाही.

16 ऑक्टोबर
जागतिक भूल दिन. घाटी रुग्णालयात शिकणाऱ्या पोरांना बॉस्टनमधल्या ईथर-भुलीच्या जाहीर प्रयोगाऐवजी निजामाची गोष्ट सांगितली. आपलं शहर तेव्हा हैदराबाद संस्थानात. 1888-89 मध्ये तिथले डॉक्टर एडवर्ड लॉरी यांच्या क्लोरोफॉर्म आयोगांनी कुत्र्यांवर ढीगभर प्रयोग केले, निजाम सरकारने पैसा पुरवला. निष्कर्ष : श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाची काळजी नको. 1911 मध्ये लेव्ही यांनी क्लोरोफॉर्मच्या हलक्या भुलीतही हृदयाची लय बिघडून प्राणी दगावतात, हे दाखवलं आणि तो निष्कर्ष कोसळला.

"मग सर, तुमच्या वायूंचंही तसंच?" एकीने विचारलं. पोरगी तयार आहे. 2019 च्या मिरियाड चाचणीत 13 देशांतले 5400 बायपासचे रुग्ण. काहींना वायू, काहींना फक्त शिरेतून भूल. वर्षभरातले मृत्यू 2.8 आणि 3 टक्के. म्हणजे फरक नाहीच. कुत्र्याचं निरोगी हृदय वेगळं आणि साखर, तंबाखू, सत्तर वर्षं पचवलेलं माणसाचं हृदय वेगळं.

19 ऑक्टोबर
वायू वापरत राहीन. सवयीचे आहेत, मात्रा पटकन कमी-जास्त करता येते. अवयव वाचवायचं श्रेय मात्र त्यांना देणार नाही. ते रक्तदाब सांभाळण्याला आणि क्लॅम्पची मिनिटं कमी ठेवणाऱ्या सर्जनला.

ऑपरेशनला येणाऱ्यांना एकच विनंती : घरातल्या गोळ्यांची सगळी पिशवी सोबत आणा, साखरेच्या गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा. आणि कुठली गोळी बंद करायची हे आम्हाला ठरवू द्या, शेजाऱ्याला नको.